आटणाऱ्या पाण्याची लेकरं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींच्या ओटीवर मी मृगाची एक रात्र बसून काढली आहे. दिवसभर उकाड्याने जीव नकोसा झाला होता. संध्याकाळी सूर्यमाळच्या बाजूने काळं आभाळ चढलं आणि तासाभरात अंगणातून लोंढे वाहू लागले. पाऊस जरा ओसरला तशी गुरुजींनी कंदिलाची वात खाली केली आणि म्हणाले, “आता बोलू नकोस. मोज.”

खालच्या खाचरातून पहिला आवाज आला तो खर्जातला, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा: डराव, डराव. मग बांधाकडून बारीक, किरकिऱ्या आवाजाचे छोटे बेडूक सुरू झाले. त्यांच्या मागे फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा एक आवाज, एकाचा नव्हे, शेकड्यांचा. गोठ्यामागच्या झाडावरून टक-टक-टक-टक, कुणी लाकडावर बोटाने ठोकावं तसं. गुरुजी एकेकाकडे बोट करत होते. अंधारात बोट दिसत नव्हतं, पण मला ते कळत होतं. शेवटी म्हणाले, “पाऊस किती पडला ते तहसील कचेरीच्या पर्जन्यमापकात बघ. पाणी कुठं साचलं, ते यांना विचार.”

आज मला त्या ‘कुठं साचलं’बद्दल बोलायचं आहे.

जव्हार-मोखाड्याचं पाणी म्हटलं की आपल्या बोलण्यात दोनच गोष्टी येतात. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि मार्च लागला की टँकर. मध्य वैतरणेचं धरण मोखाड्यात, पाणी मुंबईला. आणि आपल्या पाड्यावरची बाई नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणून वाटीवाटीने हंडा भरते. हे दुःख खरं आहे आणि त्यावर या व्यासपीठावरून जेवढं बोललं जाईल तेवढं थोडंच. पण या दोन टोकांच्या मध्ये तिसरं एक पाणी आहे. आपल्या डोंगरांवर कातळाचा थर वर आणि माती पातळ. पाऊस पडला की पाणी एकतर धावत सुटतं, नाहीतर कातळाच्या खळग्यात, गुरांच्या खुरांनी झालेल्या खड्ड्यात, माळावरच्या सखल जागी, राबाशेजारच्या पाणथळीत थांबतं. कुठे तीन आठवडे, कुठे तीन महिने. दिवाळीला पाहावं तर तिथे तडकलेला चिखल. हे पाणी ना पिण्याचं, ना सिंचनाचं. आपण त्याला डबकं म्हणतो आणि मराठीत डबकं हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही.

मी चाळीस वर्षं या दोन तालुक्यांत पावसाळी रात्री हिंडलो आहे आणि माझं मत असं बनलं आहे की आपल्या बहुतेक बेडकांचा वंश या डबक्यांवर चालतो. आणि चालतो तो ही डबकी आटतात म्हणूनच.

पहिल्या सरींबरोबर नदीतले मासे उलटे चढून शेतात येतात. वळगणीचे मासे पकडायला रात्री बत्ती घेऊन निघालेली माणसं तुम्ही पाहिलीत, कदाचित स्वतःही गेलात. मासे अंडी घालायलाच चढतात, पण वाटेत जे सापडेल ते खातात, बेडकाची अंडी आणि बेडूकमासे म्हणजे टॅडपोल तर आवडीने. आता जे डबकं नदीला जोडलेलं नाही आणि दरवर्षी कोरडं पडतं, त्यात मासा टिकणार कसा? तिथे बेडकाच्या पिल्लांना एक मोठा शत्रू मुळातच नाही. शिवाय उथळ पाणी उन्हाने लवकर तापतं, शेवाळ भरभर वाढतं, पिल्लं भरभर वाढतात. या सोयीची किंमत एकच: पाणी जायच्या आत पाय फुटले पाहिजेत.

त्या फणीच्या आवाजाचा बेडूक घ्या. मायक्रोहायला ऑर्नाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. अंगठ्याच्या पेराएवढा, पाठीवर गडद नक्षी. मादी अंडी घालते ती पाण्यावर पातळ साय पसरावी तशी, एकाच थरात. एका दिवसाच्या आसपास त्यांतून पिल्लं बाहेर पडतात. ती काचेसारखी पारदर्शक असतात, इतकी की परातीत घेतली तर आधी डोळे दिसतात, मग पोटातली हिरवी गुंडाळी. साधारण महिन्याभरात त्यांचे बेडूक होऊन ती गवतात उड्या मारायला लागतात. अंडी एका थरात का, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू कमी असतो. अंड्यांचा गोळा केला तर मधली गुदमरतील. पसरली की प्रत्येकाच्या डोक्यावर हवा. एवढासा जीव, पण त्याच्या प्रत्येक सवयीमागे असं कारण सापडतं.

मोठा डराव बेडूक, होप्लोबॅट्रेकस टायगरिनस, याची तर दोन-चार रात्रींचीच जत्रा. एरवी शेवाळी-तपकिरी असलेला नर पहिल्या मोठ्या पावसात हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन पिशव्या फुगल्या की निळ्या चमकतात. केंटवूड वेल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७७ साली बेडकांच्या विणीचे दोन ढोबळ प्रकार सांगितले: काहींची वीण थोड्या रात्रींत उसळून संपते, काहींची महिनोन्‌महिने चालते. उसळणाऱ्यांत नर जमतात, एकमेकांना ढकलतात, जी हलेल तिला मिठी मारतात, चुकून दुसऱ्या नरालाही. महिनोन्‌महिने विणणाऱ्यांत मात्र नर आपापली जागा धरून गातात आणि मादी ऐकून निवडते. गुरुजींच्या खाचरात एकाच रात्री दोन्ही प्रकार ऐकू येत होते. डराव आता नाही तर वर्षभर नाही, म्हणून ओरडत होता. झाडावरच्याला घाई नव्हती.

त्या झाडावरच्याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तो माझा सगळ्यात जुना सोबती.

पॉलिपेडेटीस मॅक्युलेटस. आपण झाडबेडूक म्हणतो. इंग्रजांनी त्याला चुनाम म्हटलं, चुना लावलेल्या भिंतीवर बसतो म्हणून. तुमच्या मोरीत, माठामागे, कौलाखाली बसलेला पिवळट-तपकिरी, लांब पायांचा, बोटांना गोल चकत्या असलेला बेडूक तो हाच. हा पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या वर घालतो.

एका आश्रमशाळेत हौदावर आंब्याची फांदी वाकली होती. जुलैत रात्री दहाच्या सुमारास, बॅटरीला लाल कागद बांधून, मी आणि वसतिगृहातली पाच-सहा मुलं तिथे बसलो. मादी मोठी, तिच्या पाठीवर जवळजवळ निम्मा दिसणारा नर. ती फांदीच्या टोकाशी सरकली, पानाला चिकटली आणि तिच्या मागून पांढरट चिकट द्रव यायला लागला. मग तिने मागचे दोन्ही पाय आत-बाहेर, आत-बाहेर असे फिरवायला सुरुवात केली. एक मुलगी कुजबुजली, “सर, ही ताक करते.” मला त्याहून नेमकं वर्णन आजवर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. रवीने घुसळावं तसा फेस फुलत गेला, त्यातच अंडी सुटत होती, नर त्यांना फळवत होता. मध्येच ती थांबायची, दम खायची, पुन्हा सुरू. अर्ध्या तासाहून जास्त वेळ हे चाललं. शेवटी मुठीएवढा पांढरा गोळा पानांत लोंबत राहिला आणि ती दोघं दोन दिशांना निघून गेली.

सकाळी बोट लावलं तर वरची कड सुकून साय धरल्यासारखी. आत ओल. अशा एका घरट्यात काहीशे अंडी असतात आणि ती पांढरी असतात. पाण्यात उघड्यावर घातलेली अंडी सहसा काळपट असतात, हे मुलांनी आधी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी लगेच विचारलं. फेसात लपलेल्या अंड्याला रंगाची गरज कमी. फेस त्यांना ओल देतो, हवा देतो आणि खालच्या पाण्यातल्या किड्यांपासून दूर ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची बाजू पातळ झाली, आत वळवळ दिसू लागली, आणि दुपारच्या सरीबरोबर थेंबाथेंबाने पिल्लं हौदात पडायला लागली. प्रत्येकाच्या नाकाच्या शेंड्यावर एक पांढरा ठिपका. पाण्यात वरून बघितलं तर बेडूकमासा दिसत नाही, ठिपकेच पोहताना दिसतात.

त्याच दिवशी हौद धुवायला माणूस आला होता. मुलांनी त्याला अडवलं. भांडून नव्हे, त्याला हाताला धरून ठिपके दाखवले. तो दोन दिवस थांबला, तेवढ्यात पोरांनी बादल्यांनी सगळी पिल्लं शाळेमागच्या पाणथळीत नेऊन सोडली. त्यांचे बेडूक व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे झाडबेडकाला जरा टिकाऊ पाणी हवं, गणपतीच्या पुढेपर्यंत राहणारं. मायक्रोहायलाला महिन्याचं डबकं पुरतं. एकाच माळावर वेगवेगळ्या खोलीची दहा डबकी असतील तर पाच प्रकारच्या बेडकांची सोय होते. त्या जागी आपण एक मोठं, वर्षभर भरलेलं तळं केलं, तर पाणी वाढतं, पण सोय कमी होते. हे मी वरवर म्हणत नाही, पुढे त्याकडे येणार आहे.

सह्याद्रीत डबक्याचीही गरज उरलेली नाही असे बेडूक आहेत. झुडपांवर टिक-टिक करणारे राओर्केस्टीस प्रजातीतले छोटे बेडूक ओल्या पालापाचोळ्यात, मातीच्या फटीत अंडी घालतात. बेडूकमाशाची सगळी अवस्था अंड्याच्या आतच पार पडते आणि बाहेर येतो तो चार पायांचा, नखाएवढा बेडूक. त्यातला एक आपल्या पुण्याच्या आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली जगासमोर आणला आणि हेमंत घाटे यांच्या नावावरून त्याचं नाव ‘घाटेई’ ठेवलं. महाराष्ट्रातल्या बेडकांची पहिली नीट यादी करणाऱ्यांत पाध्ये आणि घाटे ही जोडी आहे. मराठी मातीतल्या प्राण्याला मराठी शिक्षकाचं नाव मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि दुसरा, जंगलाच्या जमिनीवरचा, इंडिराना लीथी. बूलेंजर याने १८८८ साली माथेरानच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. याची पिल्लं पाण्यात राहत नाहीत, पाण्याच्या पापुद्र्यात राहतात. ओल्या कातळावरून पाणी झिरपत असतं, बोट लावलं तर जेमतेम ओलं होईल एवढं, त्यात ती दगडाला चिकटून शेवाळ खरवडतात. शेपूट लांब आणि दणकट, मागचे पाय लवकर फुटतात, आणि धक्का लागला की बेडूकमासाच कातळावर उडी मारतो. मुलांनो, ओहोळाच्या कडेला पाणी पाझरणारा काळा खडक दिसला तर ऑगस्टात हळूच वाकून बघा.

मुंबईचा रातबेडूक, निक्टिबॅट्रेकस हुमायुनी, याची गोष्ट तर जगभर गेली. कोयनेजवळ हुंबर्लीला अभ्यासकांनी रात्री जागून त्याची वीण पाहिली आणि २०१६ साली छापली. नर मादीला कवटाळत नाही, तिच्या पाठीवर पाय फाकून बसतो, पाठीवर वीर्य सोडून आधीच उतरतो. मादी नंतर अंडी घालते आणि वीर्य पाठीवरून ओघळत त्यांच्यापर्यंत जातं. बेडकांच्या मिठीचा हा प्रकार आधी कुणी नोंदवलेलाच नव्हता. या बेडकाची मादीही साद घालते, जे बेडकांत विरळा. त्या संशोधकांत आपले वरद गिरी होते.

या ‘हुमायुनी’ नावापाशी थोडं थांबतो. हुमायून अब्दुलअली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी हॉटेलांसाठी वर्षाला हजारो टन जात होते. पायच फक्त. बाकीचा बेडूक फेकून दिलेला. डरावची वीण दोन-चार रात्रींची, नर ओरडून आपला पत्ता स्वतःच सांगतो, म्हणजे पोत्याने पकडायला सर्वांत सोपा तो नेमका अंडी घालायच्या रात्री. अब्दुलअलींनी १९८५ साली या निर्यातीवर सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ लेख लिहून तिचे परिणाम मांडले. बेडूक शेतात काय खातो हे त्यांना दाखवायचं होतं. भातावरचे किडे तर आहेतच, पण बांध पोखरणारे लहान खेकडेही. ज्याने पावसात रात्री उठून फुटलेला बांध भरला आहे त्याला याचं मोल मी सांगायला नको. १९८७ साली निर्यात बंद झाली. एका माणसाने नीट निरीक्षण करून, आकडे मांडून, चिकाटीने पाठपुरावा केला की काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

जगात इतरत्रही आटणाऱ्या पाण्याचा हाच हिशेब आहे. उत्तर अमेरिकेत वनबेडूक म्हणून एक जात आहे, अलास्कापर्यंत पसरलेली. हिवाळ्यात तो पाचोळ्याखाली गोठतो, हृदय थांबतं, अंगातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ होतो, आणि पेशींत साठलेली साखर त्याला वाचवते. बर्फ वितळलं की तो जंगलातल्या तात्पुरत्या तळ्यांवर धावतो आणि थोड्या रात्रींत वीण उरकतो. तिथेही मासे नाहीत, तिथेही उन्हाळ्यात पाणी जातं. त्याचा बर्फ, आपला मृग. आपले बेडूक उलट उन्हाळा झोपून काढतात. स्फेरोथेका नावाचा गोलमटोल बेडूक टाचेजवळच्या फावड्यासारख्या कडेने मागे सरकत सरकत जमिनीत उतरतो आणि माती पुन्हा भिजेपर्यंत आतच राहतो. मे महिन्यात तुम्ही ज्या माळावरून धूळ उडवत जाता, त्याच्या खाली तो असतो.

आता धोक्यांकडे. २०२३ साली ‘नेचर’मध्ये जगातल्या उभयचरांची पाहणी छापून आली. एकूण जातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात आहेत. पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे यांच्यापेक्षा हे प्रमाण जास्त. आपल्याकडे मला तीन गोष्टी डोळ्यांसमोर दिसतात.

रस्ता पहिला. पहिल्या पावसाच्या रात्री खोडाळ्याच्या वाटेवर डराव रस्ता ओलांडत असतात आणि चाकांखाली जातात. त्यातल्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात.

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. मी शेततळ्याच्या विरोधात नाही. ज्या माणसाला उन्हाळी भाजीपाला घ्यायचा आहे त्याला तळं हवंच. पण माझी तक्रार अशी की ते नेमकं सखल पाणथळीतच खणलं जातं, प्लॅस्टिक अंथरलं जातं, मासे सोडले जातात, आणि आजूबाजूची चार डबकी मुरूम टाकून सपाट केली जातात. प्लॅस्टिकच्या उभ्या, गुळगुळीत काठावरून पाय फुटलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. तळं घ्या, पण दहा पावलं सरकवून घ्या. काठावर एका बाजूला दगडांची उतरंड ठेवा.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, कारण ती चांगल्या हेतूने होते. हिवतापासाठी डबक्यांत गप्पी मासे सोडतात. हिवतापाने आपली माणसं दगावलेली मी पाहिली आहेत, म्हणून यावर मी जपून बोलतो. सिमेंटच्या टाकीत, हौदात गप्पी जरूर सोडा. पण माळावरच्या डबक्यात सोडलेला मासा डासाच्या अळीबरोबर बेडकाची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातो. आणि बेडूक स्वतः डासांचे वैरी आहेत. डरावची पिल्लं मांसाहारी, डासाच्या अळ्या खातात. श्रीलंकेत २०१३ साली अभ्यासकांनी दाखवलं की तिथल्या काही बेडूकमाशांनी डेंगीच्या डासाची अंडी खाल्ली. कोस्टारिका आणि पनामात बुरशीच्या रोगाने बेडूक नाहीसे झाल्यावर हिवतापाचे रुग्ण वाढले, असं २०२२च्या अभ्यासात आढळलं. डबक्यातला बेडूक मारून हिवताप कमी होईल, यावर माझा विश्वास नाही.

गुरुजी गेले त्या वर्षीही पाऊस आला. त्यांच्या वर्गातल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते दरवर्षी दोन तारखा लिहीत: पहिला पाऊस आणि पहिला डराव. शाळा सुरू होण्याआधीचा पाऊस असला तरी जाऊन लिहून येत. त्या तारखा दरवर्षी पुसल्या गेल्या, आणि आज आपल्या हातात त्यातली एकही नाही. त्याची मला फार खंत आहे. पाऊस पुढे-मागे सरकतो आहे असं आपण सगळे म्हणतो. बेडकांच्या तारखा वहीत असत्या तर ते अनुभवाच्या पलीकडे जाऊन दाखवता आलं असतं.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. या जूनपासून शाळेत एक जाड वही ठेवा, फळा नको. पहिला पाऊस, पहिला डराव, हौदावरचा पहिला फेस, माळावरचं डबकं आटलं तो दिवस, एवढ्या चार तारखा लिहा. शेजारी लिहिणाऱ्या मुलाचं नाव घाला. आणि मोटारवाल्यांनो, मृगाच्या पहिल्या रात्री घाटात गाडी सावकाश चालवा. रस्त्यावर पिवळं काही बसलेलं दिसलं तर थांबा, त्याला जायचं असतं त्या बाजूला जाऊ द्या.